माणशी तिकीट, घरटी भाडं

हट्टा, ता. वसमत
२४ ऑगस्ट २०२५, रविवार

प्रमोद,

सकाळी गोठा झाडला. दहा वाजता वसमतला जाऊन किराणा घेऊन आलो. दुपारी पाऊस झाला. परवा पोळा झाला, पण आपल्याकडे यंदा बैलांना रंग लावला नाही. शेजाऱ्यांनी लावू का म्हणून विचारले होते. तुझी मंजुळाकाकू नको म्हणाली.

तुझा फोन दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही, राग मानू नको. फोनवर मला बोलता येत नाही. समोरून तुझा आवाज आला की मागे माझा शिवा असेल असे वाटते. तुम्ही दोघे वसमतच्या कॉलेजपासून सोबत होता, पुण्यातही एकाच खोलीत राहिलात. त्याच्या फोनमध्ये तुझा आवाज मागून यायचाच. म्हणून पत्र लिहितो.

पेपरात वाचले की पिठाच्या गिरणीवाल्या बाईचा तो सिनेमा दिवाळीच्या आधी येत आहे. शिवाने आवाज टिपायचे काम केलेला हा शेवटचा सिनेमा, हे मला माहीत आहे. त्यातला एकेक आवाज त्याने किती फिरून जमवला ते तो घरी सांगायचा. तू सिनेमे टॉकीजला आणि घरोघरी मोबाइलवर पाठवणाऱ्या कंपनीत दर ठरवायच्या कामावर आहेस, म्हणून तुलाच विचारतो. हा सिनेमा घरी कधी दिसेल? त्याचे किती पैसे भरावे लागतात आणि कसे भरायचे?

टॉकीजचे आम्हाला जमणार नाही. कार्तिक वद्य अष्टमीला त्याचे वर्ष होईल. तोवर मंजुळा नदीपलीकडच्या लग्नालासुद्धा जात नाही. घरात बसून पाहायला ती तयार आहे.

माणिकराव


पुणे
२ सप्टेंबर २०२५

काका,

तुमचं पत्र ऑफिसात मिळालं. जिन्यात जाऊन वाचलं.

तुम्ही विचारलंत त्यावरूनच सध्या आमच्याकडे रोज भांडणं चालू आहेत. टॉकीजला माणशी तिकीट असतं, नांदेडला साधारण एकशेतीस. घरी मात्र घरटी भाडं. एकदा पैसे भरले की एक माणूस बघो की पंधरा. घरचा दर कमी ठेवला तर लोक टॉकीजला येत नाहीत, थांबतात. जास्त ठेवला तर चोरून बघतात. काही जण म्हणतात, दोन्हीकडे एकाच दिवशी लावा आणि घरचा दर तीनशे ठेवा. मी म्हणतो, आधी टॉकीज, मग तीन आठवड्यांनी घरी, आणि दर निम्मा. अजून ठरलेलं नाही.

पण काका, माझं ऐका. घरी नका पाहू. काकूंना घेऊन नांदेडला जा. मोबाइलवर त्या सिनेमाची मजा नाही. कसंही करून टॉकीजलाच पाहा. गाडीची सोय मी करतो.

काकूंना नमस्कार सांगा. मी बरा आहे.

प्रमोद


हट्टा
११ सप्टेंबर २०२५

प्रमोद,

आज घरी कोणी आले नाही. विहिरीची मोटर बिघडली होती, ती काढून मिस्त्रीकडे दिली.

परवा तुझे पत्र मी एकट्याने वाचले आणि घडी करून ठेवत होतो, तेवढ्यात संतराम आला. माझा चुलतभाऊ, तुला ठाऊक आहे, त्याला दम निघत नाही. त्याने हातातून ओढूनच घेतले. वाचून म्हणाला, "दादा, ह्ये पोरगं कंपनीचं मीठ खाऊन राहिलं. टाकीजलाच जा म्हनतंय. घरी एकडाव पैशे भरले की अख्खी आळी बघंल, त्याच्यात त्याहीचं काय निघतंय? नांदेडला न्या वऱ्हाड, मंग बघा कसं गोड बोलतंय."

मी त्याला गप्प केले. पण पत्र पुन्हा वाचल्यावर मलाही तसे वाटले, हे तुझ्यापासून लपवत नाही. मी एसटीत तेहतीस वर्षे काढली. स्टँडवर उभा राहून मीही लोकांना सांगायचो, जीपने जाऊ नका, एसटीनेच जा. ते माझे कामच होते. तुझेही असेल. त्यात वाईट काही नाही. फक्त आम्हाला ते सांगू नको.

मजा हा शब्द तू घाईत लिहिला असशील.

मंजुळाचे मी तुला कळवले होते. ती वर्ष मोडणार नाही आणि मी तिला मोडायला सांगणार नाही. घरचा दर तीनशे असला तरी मी भरीन. फक्त तारीख कळव.

माणिकराव


पुणे
१९ सप्टेंबर २०२५

काका,

तो शब्द चुकला. खूप वेळा खोडून पत्र लिहिलं होतं आणि शेवटी तोच तेवढा राहिला.

आता खरं लिहितो. शिवाने मला सांगू नको म्हटलं होतं. आजारी पडायच्या महिनाभर आधीची गोष्ट आहे. त्याला आईला न सांगता टॉकीजला न्यायचं होतं.

सिनेमात गिरणीवाल्या बाईचा मुलगा वर्षभराने गावी येतो. गिरणी चालू आहे, दार आतून लावलेलं आहे, आणि तो बाहेरून हाक मारतो. मुलगा त्या वेळी दिसत नाही, नुसती हाक येते. ज्याने मुलाचं काम केलं तो इकडचा आहे. त्याच्या तोंडी ती हाक खोटी वाटायची. त्याला कसं बोलायचं ते कळावं म्हणून शिवाने स्वतः एकदा बोलून, टिपून ठेवली. दिग्दर्शकाने ती ऐकली आणि म्हणाला, हीच ठेवा. ती शिवाची हाक आहे, काका. "आये, दार उघड. म्या आलो." एवढीच.

आता टॉकीजचं. तिथे पुढे पडद्याशी आवाज असतो, तसे मागच्या भिंतीवरही कर्णे असतात. शिवाने ती हाक फक्त मागच्या कर्ण्यांत ठेवली आहे. बाई पडद्याकडे तोंड करून दळतेय आणि हाक आपल्या पाठीमागून येते. मोबाइलवर किंवा घरच्या टीव्हीवर मागचं असं काही नसतं. सगळं एकत्र होतं आणि हाक गिरणीच्या घरघरीत बुडते. मला माहीत असूनही मोबाइलवर ती तिसऱ्यांदा सापडली. काकूंना सापडणार नाही, आणि सापडली तरी ती त्याने ठेवली तशी नसेल.

तारखा ठरल्या. १० ऑक्टोबरला टॉकीजमध्ये. दिवाळीचे मोठे सिनेमे आले की आपल्याला पडदे मिळणार नाहीत, म्हणून एकच आठवडा. घरी ३१ ऑक्टोबरपासून, एकशे एकोणपन्नास रुपये, आणि एकदा चालू केलं की अठ्ठेचाळीस तास. तीन आठवड्यांचं अंतर मी भांडून मिळवलं. मला वाटलं होतं, तेवढे दिवस तरी तो टॉकीजला राहील. दर माझ्या हातात असतात, काका. पडदे नसतात.

अष्टमी १२ नोव्हेंबरला येते. मी पंचांगात पाहिलं. तोपर्यंत तो कुठल्याच टॉकीजला नसेल.

काकूंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

प्रमोद


हट्टा
२९ सप्टेंबर २०२५

प्रमोद,

तुझे पत्र २४ तारखेला मिळाले. ते घेऊन शेतात गेलो. संध्याकाळी परत आलो.

संतरामला यातले तारखा आणि दर सोडून काही सांगितले नाही. मंजुळालाही नाही. शिवाची तशी इच्छा होती तर ती मी मोडायची नाही, असे ठरवले. बरोबर केले की चूक, ते मला समजत नाही.

दुसऱ्या दिवशी कुरुंद्याच्या गुरुजींकडे गेलो. घरात लग्न निघाले तर वर्षश्राद्ध आधी उरकून घेतात, हे तुला माहीत असेल. म्हणजे घर मोकळे होते. गुरुजींना म्हटले, आमचे महिनाभर आधी करता येईल का? त्यांनी विचारले, "लगीन हाय का घरात?" मी नाही म्हणालो. "मंग काय काम काढलं?" मी म्हणालो, आहे एक. त्यांनी पंचांग काढून अश्विन वद्य अष्टमी धरून दिली. १४ ऑक्टोबर, मंगळवार.

घरी येऊन मंजुळाला सांगितले. शिवाचे शेवटचे काम आहे, ते मोठ्या पडद्यावर पाहावे अशी त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी वर्ष आधी उरकायचे. ती भाकरी थापत होती. तवा उतरवून म्हणाली, "माह्या लेकराला अठ्ठाविसावं पुरं झालं न्हाई. त्याचं वर्स तरी पुरं होऊ द्या की."

मी ओसरीवर येऊन बसलो.

संतरामला कळल्यावर तो चार माणसे घेऊन आला. ओसरीवर उभ्यानेच बोलला. "दादा, लग्नासाठी वर्स उरकत्यात. सिनेम्यासाठी कोनी उरकलेलं म्या आयकलं न्हाई. लोकं काय म्हनतील, लेकाचा दुखवटा सोसंना म्हनून टाकीजला पळाले. दीडशे रुपयात घरी येऊन राहिला ना सिनेमा? म्या भरतो पैशे. वहिनीला काहून तकलीफ देता?" त्याचे बोलणे वाईट नव्हते. माझ्याकडे उत्तर होते, पण ते देता येत नव्हते. मी एवढेच म्हणालो की चौदा तारखेला जेवायला या.

तीन दिवस मंजुळा माझ्याशी बोलली नाही. काल पाणी भरताना तिनेच विचारले, "त्याचं काम त्याच्यात कळंल का मला?" मी म्हणालो, कळेल. "मंग चला," म्हणाली.

तू एवढे कर. १६ तारखेपर्यंत नांदेडला सिनेमा राहील असे पाहा. आम्ही गुरुवारी येऊ. गाडी नको, एसटीने जाऊ.

माणिकराव


पुणे
६ ऑक्टोबर २०२५

काका,

नांदेडच्या टॉकीजवाल्याला तेरा तारखेच्या सोमवारीच खेळ काढून टाकायचा होता. आमच्याकडून दुपारच्या खेळाचं तिकीट ऐंशी केलं आणि आमचा हिस्सा कमी घेतला. त्याने गुरुवारपर्यंत ठेवायचं कबूल केलं आहे. दुपारी साडेबाराचा खेळ. ऑफिसात मी कारण सांगितलं नाही. मराठवाड्यात दर कमी करून बघू, असं म्हणालो.

मी यायला हवं होतं. येत नाही. मला तुमच्या शेजारी बसून ते ऐकता येणार नाही. माफ करा.

सोबत एका कागदावर नंबर लिहिला आहे. ३१ तारखेला तो टाकला की घरी पैसे न भरता सिनेमा दिसेल.

प्रमोद


पुणे
२६ ऑक्टोबर २०२५

काका,

दहा दिवस झाले. त्या दिवशी नांदेडला त्या खेळाची अकरा तिकिटं गेली, एवढंच मला इथे बसून दिसतं. त्यात तुम्ही होतात का, काकूंना ऐकू आलं का, काहीच कळलं नाही. फोन उचलू नका, पण दोन ओळी लिहा.

प्रमोद


हट्टा
२ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रमोद,

सकाळी मंजुळाला कुरुंद्याच्या गाडीत बसवून दिले. भावाकडे गेली आहे, चार दिवस राहील. येताना किराणा आणला. गोठा झाडला.

उशीर झाला. रोज लिहायचे म्हणत होतो.

चौदा तारखेला सगळे नीट पार पडले. संतराम जेवायला आला, वाढायलाही उभा राहिला. सोळा तारखेला आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. मंजुळाने नवे लुगडे नेसले नाही, पण धुतलेले नेसली. टॉकीजच्या पायऱ्यांवर तिने चप्पल काढली. मी म्हणालो, असू दे, इथे सगळे घालूनच जातात. तरी तिने हातात घेतली आणि आत बसल्यावर पायाशी ठेवली.

आम्ही मधल्या रांगेत बसलो. सुरुवातीला ती प्रत्येक आवाजाला मला विचारत होती. बैलांच्या घुंगरांना, "ह्ये त्याचं का?" मी हो म्हणायचो. पाटाच्या पाण्याला, "ह्ये?" मी हो म्हणायचो. ती मान हलवायची. पडद्याकडे तिचे फारसे लक्ष नव्हते, ती ऐकत होती.

मग गिरणी सुरू झाली. मी खुर्चीचा हात धरून बसलो. तू सांगितले होते तरी मी दचकलो. अगदी मागून, उजव्या अंगाने आली. प्रमोद, तो कॉलेजातून यायचा तेव्हा अशीच हाक मारायचा. पहिला शब्द लांब आणि पुढचे भरभर.

मंजुळा म्हणाली, "आले रं, थांब." आणि उठली.

मला वाटले होते, ती रडेल. माझा हात धरेल. मला विचारेल. एवढेच मी मनाशी धरले होते. ती उठेल असे माझ्या डोक्यातच आले नाही. ती तशीच अनवाणी रांगेतून बाहेर पडली आणि अंधारात पायऱ्या चढत मागच्या दाराकडे गेली. मी मागे धावलो, पण माझा गुडघा तुला माहीत आहे. मी पोचलो तोवर तिने दोन्ही हातांनी दार उघडले होते. बाहेरचा उजेड आत आला. कोणीतरी ओरडले, "ओ मावशी, दरवाजा लावा की, पिच्चर दिसून नाही राहिला." ती दार धरून उभी होती.

बाहेर तिकिटे फाडणारा माणूस स्टुलावर बसला होता. त्याला वाटले तिला जायचे आहे. "मावशी, बाथरूम तिकडं हाय," म्हणाला. तिने त्याला विचारले, "आता इथं कोनी आलतं का?"

तो बिचारा उठून उभा राहिला. "न्हाई मावशी. कोनीच न्हाई आलं."

मी तिला बाहेरच्या बाकावर बसवले. त्या माणसाने पाणी आणून दिले. आतून सिनेमाचे आवाज येत होते. मी म्हटले, आत जाऊ, अजून बराच आहे. ती नको म्हणाली. मी चपला आणायला आत गेलो तेव्हा गिरणी बंद झाली होती आणि मायलेक जेवत होते.

परतीची गाडी धरली. आसना नदीच्या पुलावर आल्यावर तिने विचारले, "तुमाला माहीत व्हतं?"

मी हो म्हणालो. तू कळवले होतेस आणि शिवाने आईला सांगू नको म्हटले होते, हेही सांगितले. मला वाटले, आता ती चिडेल. तिने एवढेच म्हटले, "मंग मला मागंच काहून न्हाई बसवलं?"

मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, प्रमोद. अकराच माणसे होती. मी मधली रांग मागून घेतली, कारण तिथून चांगले दिसते असे तिकीट देणारा म्हणाला.

त्या दिवसापासून ती मला काही बोलून दाखवत नाही. कामे करते. दुपारी कधी दारात जाऊन उभी राहते आणि आत येते. मी विचारत नाही.

परवा, ३१ तारखेला, संतरामने घरी पैसे भरून मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावला. आळीतली वीस-पंचवीस माणसे बसली होती. मी गेलो नाही. संध्याकाळी तो आमच्याकडे आला. त्याने शेवटची पाटी थांबवून शिवाचे नाव सगळ्यांना दाखवले म्हणे. मग मंजुळाला म्हणाला, "वहिनी, चला. उद्या दिवसभर हाय. पुन्हा लावतो तुमच्यासाठी. आवाज फुल करतो."

तिने विचारले, "किती दिवस ऱ्हातंय ते?"

तो म्हणाला, "दोन दिवस. मंग आपोआप जातंय. परत पैशे भरले की परत येतंय."

"न्हको मंग," ती म्हणाली. संतराम समजावू लागला, पैशांचे बघू नका वगैरे. ती म्हणाली, "पैशाचं न्हाई, भाऊजी. दोन दिवसांनी परत जात असंल तर घरात न्हकोच."

संतराम खाली बसला. त्याला मी तेव्हा सगळे सांगितले. तो माणूस तोंडाने कसाही असला तरी त्या दिवशी बराच वेळ आमच्याजवळ बसून राहिला.

तुझा नंबर लिहिलेला कागद या पाकिटात परत पाठवत आहे. वापरला नाही. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. तू ती हाक वेगळी काढून माझ्या फोनवर पाठवशील, असेही मनात येईल तुझ्या. सध्या पाठवू नको. ती माझ्या हातात असली की मंजुळापासून लपवावी लागेल किंवा तिला द्यावी लागेल, आणि दोन्ही मला जमणार नाही.

टॉकीजला जा म्हणालास, त्यात तुझे काही चुकले नाही. मी तुझ्यावर जो संशय घेतला तो मनातून काढून टाक. ज्या दिवशी तुझे चार दिवस मोकळे असतील, तेव्हा गावी ये. फोन न करता आलास तरी चालेल. मंजुळा तुझ्याबद्दल विचारते. पोरगं तिकडं एकटंच जेवत असंल, म्हणते.

खरे वर्ष १२ तारखेला आहे. त्या दिवशी आता काही करायचे नाही, गुरुजींनी तसे सांगितले आहे.

सोयाबीन अंगणात पसरले आहे, अजून ओलसर वाटते. ऊन उतरायच्या आत एकदा उलथून घेतो. दोनच पोती आहेत, एकट्याने होते.

माणिकराव